टेलिफोनच्या घरातली शांतता

अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला दाढीवाला माणूस आणि त्याचा टेलिफोन आठवतो. पण मैत्रिणींनो, बेल स्वतःला आधी बहिऱ्या मुलांचे मास्तर समजायचे. टेलिफोन नंतर.

३ मार्च १८४७ ला स्कॉटलंडमधल्या एडिंबरात त्यांचा जन्म झाला. वडील शुद्ध उच्चार शिकवायचे आणि आईला, एलायझाला, ऐकू फार कमी यायचं. तरी बाई पियानो वाजवायची! बाकीचे तिच्या कानाच्या नळीत बोलायचे. हा पोरगा मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल आवाजात बोलायचा, म्हणजे ती थरथर तिला जाणवायची. आवाज म्हणजे काय, हे त्याला आईच्या कपाळानंच शिकवलं असं मला वाटतं.

दोन्ही भाऊ क्षयानं गेले. उरलेला मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडील १८७० मध्ये त्याला घेऊन कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी बेल बॉस्टनच्या मूकबधिर शाळेत शिकवू लागले. तिथं त्यांच्याकडे मेबल हबर्ड शिकायला आली. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीवरनं तिचं ऐकणं पार गेलं होतं. पण आईनं पोरीला गप्प बसू दिलं नाही. रोज बोलतं ठेवलं, ओठांकडे बघून समजून घ्यायला लावलं.

१८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि ११ जुलै १८७७ ला दोघांचं लग्न झालं. लग्नात बेलनी कंपनीतले फक्त दहा शेअर स्वतःकडे ठेवले, बाकी सगळे मेबलच्या नावावर केले. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवायचं तर आजही घरात खल होतो! पुढं घरातला पैसा मेबलच बघायची. ज्या यंत्रानं हे घर उभं राहिलं, त्यातला एक शब्दही तिला कधी ऐकू आला नाही. दोन मुलगे तान्हेपणीच गेले, दोन मुली वाढल्या.

१८७९ मध्ये बेलनी ऐकणं मोजायचं यंत्र केलं. विजेवरचं कानाचं मशीनही पुढं टेलिफोनच्याच युक्तीवर निघालं.

पण एका बाबतीत बेल मला पटत नाहीत. बहिऱ्या मुलांना हातांच्या खुणांनी शिकवू नये, बोलायलाच लावावं, असा त्यांचा हट्ट होता. बहिऱ्यांनी आपसात लग्नं करू नयेत असंही त्यांना वाटे. खुणांची भाषा बोलणाऱ्यांचा त्यांच्यावर आजही राग आहे. मेबल छान बोलायची हे खरं. पण ती पाच वर्षं ऐकून, बोलून मग बहिरी झालेली. शब्द तिच्या डोक्यात आधीच बसले होते. जन्मापासून ज्याला ऐकूच येत नाही, त्या लेकरानं ते कुठून आणायचे?

२ ऑगस्ट १९२२ ला बेल गेले. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते. पाच महिन्यांनी मेबलही गेली. कानाच्या नसेलाच वीज देण्याचा प्रयोग पॅरिसमध्ये झाला, तो १९५७ साली. त्यातूनच पुढं कॉक्लियर इम्प्लांट आलं. मशीन नुसता आवाज मोठा करतं. इम्प्लांटची तार कानातल्या शंखात बसवतात आणि ती थेट नसेला संदेश देते.

आमच्या गडमुडशिंगीत ओळखीच्या एका घरी अशी मुलगी आहे. बापही उशिराच बोलला होता म्हणून आजीनं थांबवून धरलं आणि त्यात दीड वर्ष गेलं. मशीननं भागेना, तेव्हा इम्प्लांट झालं. ऑपरेशन झालं की पोरगी बोलंल, अशी सगळ्यांची समजूत. तसं नसतं बायांनो. मशीन चालू झालं त्या दिवशी तिच्या कानाचं वय शून्य होतं! आई भाकरी थापताना, भांडी घासताना दिवसभर तिच्याशी बोलत असते. थेरपीच्या बाई शिकवतात ते घरी करून घेते. खुणाही करते, त्यात कसला कमीपणा?

बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत कानाची पहिली तपासणी होते. खर्चाची धास्ती असेल तर केंद्र सरकारची एडिप योजना आहे. तिचं इम्प्लांटचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था बघते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना त्यासाठी पाच वर्षांची अट आहे, तेव्हा अर्ज त्याआधी गेला पाहिजे.