ग्रेबो उपदेशक विल्यम वादे हॅरिस

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा एक लहानसा देश आहे. अमेरिकेत ज्या काळ्या लोकांस दास करून नेले होते, त्यांच्या वंशातील काही मोकळे लोक १८२२ सालापासून तेथे येऊन वसले आणि १८४७ साली त्यांनी आपले स्वतंत्र राज्य स्थापले. दास्यातून सुटलेल्यांचे राज्य, हे शब्द ऐकून कोणाही ख्रिस्ती मनुष्यास संतोष वाटेल. परंतु ती भूमी ओसाड नव्हती. आतील रानांत क्पेले लोक पूर्वापार भाताची शेती करून राहत होते. देशातील सर्व मूळ लोकांत त्यांची संख्या सर्वांहून मोठी. आजही तेथे दर पाच माणसांमागे सुमारे एक जण क्पेले आहे. त्यांच्या मुलांस पोरो नावाच्या मंडळात व मुलींस सांदे नावाच्या मंडळात घेऊन, रानात लोकांपासून दूर ठेवून, वडिलांच्या चालीरीती शिकवीत. पश्चिमेस वाई लोक होते. त्यांच्यातील एका पुरुषाने १८३० नंतरच्या काही वर्षांत आपल्या भाषेसाठी स्वतःच अक्षरे तयार केली. पुढे शंभर वर्षांनी क्पेले लोकांच्या एका सरदारानेही तसेच केले. समुद्रकाठी बासा, क्रू व ग्रेबो लोक होते. ह्या सर्वांस रानटी म्हणण्याची चाल पडली होती, आणि किनाऱ्यावरील मूठभर वसाहतवाले त्यांच्यावर सत्ता चालवीत. आपल्याच देशात त्यांस १९०४ सालापर्यंत नागरिक म्हणूनही गणले जात नव्हते, आणि मत देण्याचा हक्क तर आणखी चाळीस वर्षांनी मिळाला. ज्यांच्या वाडवडिलांनी दास्य भोगले, त्यांच्याच हातून असे घडले. गावकुसाबाहेर जन्मलेल्या आमच्या वाचकांस ह्याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

ह्यांपैकी ग्रेबो लोकांत, पामास भूशिराजवळील ग्रावे गावी, सुमारे १८६० साली विल्यम वादे हॅरिस याचा जन्म झाला. त्या किनाऱ्याशी आमचा एक जुना संबंध आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस आले, त्याच बोर्डाने १८३४ साली जॉन लेटन विल्सन यांस पामास भूशिरावर पाठवले. त्यांनी ग्रेबो भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले आणि छापखाना घालून त्या भाषेत पुस्तके छापली. वसाहतवाल्यांनी मूळ लोकांवर केलेला जुलूम त्यांस सहन होईना. अशा कारणांनी ते मिशन १८४२ साली तेथून उठून गाबून देशी गेले. पुढे त्या किनाऱ्यावर एपिस्कोपल व मेथॉडिस्ट मंडळ्यांनी काम चालवले.

वादे बारा वर्षांच्या सुमारास असता त्यास त्याच्या मामाकडे ठेवण्यात आले. हे मामा जॉन लौरी मेथॉडिस्ट पाळक व शिक्षक होते. त्यांनी भाच्यास ग्रेबो व इंग्रजी वाचावयास शिकवले आणि बाप्तिस्मा दिला. तरी पोराचे मन अजून घरी लागले नव्हते. तरुणपणी तो आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे परदेशी जहाजांवर खलाशी झाला, लागोसपर्यंत गेला, सोन्याच्या खाणींतही राबला. एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, हार्पर गावच्या मेथॉडिस्ट देवळात, पहिल्या प्रीतीपासून ढळलेल्या मंडळीविषयीचा उपदेश ऐकून त्याचे अंतःकरण फिरले. १८८५ च्या सुमारास त्याने रोझ फार नावाच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केले. पुढे तो एपिस्कोपल मंडळीत गेला, आणि १८८८ साली बिशप फर्ग्युसन यांनी त्याचे दृढीकरण केले.

येथून पुढची वर्षे आमच्या खेड्यांतील मास्तरांच्या आयुष्यासारखीच आहेत. आपल्या गावी मुलांस शिकवावे, रविवारी उपासना चालवावी, आजाऱ्यांस भेटावे, आणि तिमाहीच्या तिमाहीला तुटपुंजा पगार घ्यावा. हॅरिस उपदेशक झाले, नंतर एका लहान वसतिगृहाच्या शाळेचे मुख्य शिक्षक झाले, आणि काही वर्षे सरकारचे दुभाषीही होते. दुभाष्याचे काम दिसते तसे सोपे नसते. सरकारचा हुकूम आपल्या लोकांस सांगावा लागतो आणि आपल्या लोकांचे दुःख सरकारास. दोहोंकडून दोष एकाच्याच माथी येतो. जमीन, जकात व कर ह्यांवरून ग्रेबो व सरकार ह्यांच्यात वैर वाढत गेले, आणि हॅरिस यांचे मन हळूहळू सरकारावरून उडाले. इंग्रजांचे राज्य आले तर बरे, असे त्या वेळी पुष्कळ ग्रेबो लोकांस वाटे. त्यांसही तसेच वाटू लागले. ते नोकरीवरून दूर झाले, आणि १९०९ च्या फेब्रुवारीत त्यांनी लायबेरियाचे निशाण खाली पाडून इंग्रजांचे निशाण उभारले.

ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. हॅरिस तुरुंगात गेले ते सुवार्तेसाठी नव्हे, तर राजद्रोहाच्या आरोपावरून. एका परक्या राजाच्या हातून आपल्या लोकांचे तारण होईल अशी आशा त्यांनी धरली होती, आणि ती व्यर्थ होती. १९१० च्या आरंभी ग्रेबो लोकांनी हत्यार उचलले. सरकारास अमेरिकेच्या लढाऊ जहाजाचे पाठबळ मिळाले आणि ग्रेबो हरले. हॅरिस तुरुंगात होते. पन्नाशीला आलेला पुरुष, नोकरी गेलेली, लोकांचा पराभव झालेला, आणि मंडळीच्या वडिलांच्या मनातूनही उतरलेला.

त्याच वर्षी जूनच्या सुमारास, तुरुंगात, त्यांस दर्शन झाले. गब्रिएल दूताने आपल्यास भेट दिली, देवाने आपला अभिषेक केला, आणि आपण देवाचे संदेष्टे होऊन लोकांकडून त्यांचे देव व ताईत जाळून घ्यावेत अशी आज्ञा झाली, असे ते पुढे मरेपर्यंत सांगत. विलायती कपडे व बूट टाकून द्यावे, हेही त्या आज्ञेत होते. ज्या गृहस्थाने इतकी वर्षे कोट घालून शाळेत शिकवले, तो पांढरा झगा घालून अनवाणी चालू लागला. पत्नीस वाटले की धन्यास वेड लागले, आणि ह्याच दुःखात ती मरण पावली. अशा दर्शनांविषयी आम्ही सावधगिरी बाळगतो, आणि बाळगावी. तथापि झाडाची परीक्षा फळावरून करावयाची असते, म्हणून आम्ही फळांकडे वळतो.

१९१३ च्या जुलैत हॅरिस दोन स्त्रियांस सोबत घेऊन पूर्वेकडे, फ्रेंचांच्या ताब्यातील आयव्हरी कोस्ट देशात निघाले. त्या स्त्रियांतील एक हेलन व्हॅलेंटाइन नावाची विधवा होती. हॅरिस यांच्या हाती कळकाचा क्रूस, बायबल व पाण्याचा वाडगा, छातीवर काळे पट्टे आडवे-तिडवे, डोक्यास पागोटे. बायकांच्या हाती मण्यांची जाळी घातलेले भोपळ्याचे खुळखुळे. गावात शिरताच त्या गाऊ लागत, आणि लोक जमत. हॅरिस यांस तेथील भाषा येत नव्हत्या. ते मोडक्या इंग्रजीत बोलत आणि दुभाषी ते लोकांस सांगे. जो पूर्वी सरकारचा दुभाषी होता त्यास आता दुसऱ्याच्या तोंडाने बोलावे लागले. एकच खरा देव आहे, लाकडा-दगडाचे देव आजच्या आज जाळा, चोरी व व्यभिचार सोडा, दारूने धुंद होऊ नका, रविवारी शेतात जाऊ नका, हाच त्यांच्या बोलण्याचा गाभा असे. जो आपले देव आणून जाळी, त्यास ते क्रूस धरावयास लावीत, वाडग्यातील पाण्याने तेथल्या तेथे बाप्तिस्मा देत, आणि बायबल त्याच्या मस्तकावर ठेवीत. पैसा घेत नसत.

बाप्तिस्म्याअगोदर महिनोन्महिने शिक्षण द्यावे, ही आमची रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. परंतु हॅरिस यांचे म्हणणे असे की, ज्याने देव जाळले त्यास पाण्यावाचून सोडले, तर तो भीतीने दुसरे देव करील. ज्याने आपल्या हाताने घरातला देव्हारा उचलून नदीत सोडला आहे, आणि त्या रात्री अंथरुणावर पडून प्रत्येक आवाजाला दचकला आहे, त्यास ह्या म्हणण्यातले तथ्य कळेल.

दीड वर्षात सुमारे एक लाख लोकांनी त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, असा अंदाज केला जातो. त्या किनाऱ्यावर रोमन काथलिक मिशनरी १८९५ सालापासून श्रम करीत होते, आणि त्यांस फारच थोडे लोक मिळाले होते. हॅरिस यांनी त्यांच्याशी वैर केले नाही. पुष्कळ लोकांस त्यांच्याकडेच पाठवले. १९१४ साली काही महिने ते गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, आक्सिमच्या बाजूस गेले. तेथे ग्रेस तानी नावाची देवऋषीण त्यांच्या हातून वळली आणि त्यांची पत्नी होऊन सोबत चालली. पुष्कळ बायका असणाऱ्या पुरुषांसही ते बाप्तिस्मा देत. ह्या बाबतीत आम्ही त्यांचे अनुकरण करणार नाही. पण तेवढ्यासाठी त्यांचे चरित्र सांगायचे टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आयव्हरी कोस्टच्या लोकांनी इतके कान का दिले, हेही पाहिले पाहिजे. आंगुलवाँ नावाच्या गव्हर्नराने १९०८ सालापासून तो देश बळाने चिरडला होता. बंदुका काढून घेतल्या, डोईपट्टी बसवली, वेठीस धरले. लोकांचे जुने देव त्यांस वाचवू शकले नव्हते. अशा वेळी एक काळा मनुष्य हाती क्रूस घेऊन आला. तो गोऱ्यांचा चाकर नव्हता. आणि पुस्तक तर गोऱ्यांपाशी होते तेच होते. प्रथम गव्हर्नरासही हे बरे वाटले, कारण दारू कमी झाली आणि माणसे कामाला लागली. परंतु १९१४ च्या ऑगस्टात युरोपात महायुद्ध पेटले, फ्रेंच अंमलदार लढाईवर गेले, आणि एका परदेशी काळ्या माणसाच्या शब्दावर हजारो लोक हलतात, ह्याची उरलेल्यांस भीती वाटू लागली. वर्षाच्या अखेरीस हॅरिस व सोबतच्या बायका पकडल्या गेल्या. त्यांस मारहाण झाली, आणि १९१५ च्या जानेवारीत सरहद्दीपार घालवून देण्यात आले. त्या माराने हेलन व्हॅलेंटाइन लवकरच मरण पावली. हॅरिस यांचे नाव सर्वत्र सांगितले जाते. ह्या विधवेचे नाव फारसे कोणी घेत नाही, म्हणून आम्ही ते येथे दोनदा लिहिले.

जाण्यापूर्वी हॅरिस यांनी गावोगाव बारा-बारा जण नेमले होते, आणि सांगितले होते की, पुस्तक उघडून शिकवणारे लोक पुढे येतील, त्यांची वाट पाहा. लोकांनी वाट पाहिली. अंमलदारांनी पुष्कळ ठिकाणी त्यांची देवळे मोडली. त्यांनी पुन्हा बांधली, किंवा रात्री घरात जमले. किनाऱ्यावरील व्यापारी पेढ्यांत सिएरा लिओन व गोल्ड कोस्टचे काही मेथॉडिस्ट कारकून होते. त्यांनी जमेल तेथे गीते व प्रार्थना शिकवल्या. कित्येक गावांनी वर्गणी करून इंग्रजी बायबल विकत आणले आणि देवळातील मेजावर ठेवले. ते वाचणारा गावात एकही नव्हता. दर रविवारी लोक त्या मिटलेल्या पुस्तकापुढे बसत.

अशी दहा वर्षे गेली. एकदा दौऱ्यावर असता आम्ही एका वाडीस गेलो, तेथे मास्तर बदलून गेल्यावर तीन वर्षे दुसरा आला नव्हता. देवळाचे कुलूप गंजले होते, आणि लोकांनी ते तोडण्याचेही मनात आणले नव्हते. तेव्हा त्या लोकांवर आम्ही फार रागावलो. आयव्हरी कोस्टची हकिगत वाचल्यावर आमचा राग त्यांच्यावरून उठून दुसरीकडे गेला आहे. तो कोणावर, हे वाचक जाणतील.

१९२४ साली विल्यम प्लॅट नावाचे मेथॉडिस्ट मिशनरी त्या किनाऱ्यावर आले. गावागावांतून लोक त्यांच्यापुढे येऊन सांगू लागले की, ज्यांची वाट पाहण्यास आम्हांस सांगितले होते ते तुम्हीच. हजारो लोकांच्या ह्या मंडळ्यांची कोणत्याही मिशनच्या वहीत नोंद नव्हती. १९२६ साली पिअर बेन्वा नावाचे मिशनरी हॅरिस यांस शोधीत लायबेरियात गेले. इतक्या वर्षांत हॅरिस यांनी पुन्हापुन्हा सरहद्द ओलांडण्याचा यत्न केला होता आणि प्रत्येक वेळी त्यांस परतवले होते. आता ते पक्षाघाताने दुबळे झाले होते, घरी दारिद्र्य होते, तरी पांढरा झगा व क्रूस तसाच होता. बेन्वा यांनी त्यांचा फोटो काढला आणि त्यांच्या तोंडून एक पत्र लिहून घेतले. आपल्या लोकांनी मेथॉडिस्ट मंडळीत जावे, असे त्यात होते. पुष्कळ गावे त्याप्रमाणे गेली.

पण सर्वच गेली नाहीत. मेथॉडिस्ट शिस्तीत एकच बायको ठेवावी लागे आणि वर्गणी द्यावी लागे, ह्या गोष्टी हॅरिस यांनी कधी मागितल्या नव्हत्या. १९२८ च्या डिसेंबरात एब्रिए लोकांतील जॉन आहुई नावाचा तरुण आपल्या सोबत्यांसह म्हाताऱ्या हॅरिस यांच्याकडे आला. हॅरिस यांनी त्यास आपला क्रूस व बायबल दिले आणि काम पुढे चालवण्यास सांगितले, असे त्याच्या मंडळीचे लोक सांगतात. पत्र खरे की हे खरे, असा वाद पुढे फार झाला. आम्हांस दोन्ही खरी वाटतात. म्हाताऱ्यास आपली मेंढरे कोणीतरी चारावी एवढेच हवे होते, आणि जो कोणी दारी आला त्यास त्यांनी काठी दिली.

१९२९ च्या एप्रिलात, आपल्या जन्मगावच्या परिसरात, विल्यम वादे हॅरिस वारले. त्या वेळी त्यांच्याजवळ काही नव्हते. जॉन आहुई १९९२ सालापर्यंत जगला. त्याच्या मंडळीचे उपदेशक आजही आयव्हरी कोस्टमध्ये पांढरा झगा व काळे पट्टे घालून, हाती क्रूस घेऊन उपासना चालवतात.