संत जियान्ना मोल्ला

ज्युबिलीच्या ह्या पुस्तकांत आम्ही एका डॉक्टरीणबाईंचें चरित्र देत आहों. जियान्ना बेरेत्ता ह्यांचा जन्म इटालींतील माजेंता येथें १९२२ सालीं झाला. डॉक्टर होऊन १९५० सालीं त्यांनीं मेझेरो गांवीं दवाखाना घातला. १९५५ सालीं पिएत्रो मोल्ला ह्या इंजिनियरांशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस तीन मुलें झालीं.

१९६१ सालीं चौथ्या अपत्याच्या वेळीं गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यांत गर्भाशयांत गांठ आढळली. गर्भपात करावा, गर्भाशयच काढावें, कीं केवळ गांठ काढावी, असे तीन मार्ग होते. पहिला ख्रिस्तसभेस मान्य नाहीं. दुसऱ्यांत मूल दगावलें असतें. तरी मातेच्या प्राणरक्षणार्थ केलेली ती शस्त्रक्रिया हेतुपूर्वक गर्भपात ठरली नसती. तो मार्ग घेणाऱ्या मातेस कोणीं दोष देऊं नये, हें आम्ही मुद्दाम सांगतों. बाईंनीं तिसरा पत्करला. त्यांतील धोका डॉक्टर ह्या नात्यानें त्यांस पुरता ठाऊक होता. प्रसूतीपूर्वीं त्यांनीं पतीस बजावलें कीं, तसा प्रसंग आल्यास बाळास वांचवावें. पवित्र शनिवारीं, २१ एप्रिल १९६२ रोजीं, मोंझाच्या इस्पितळांत कन्या जन्मली. २८ एप्रिलला माता निवर्तल्या. २००४ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यांस संतपद दिलें, तेव्हां वृद्ध पती व ती कन्या रोममध्यें हजर होतीं. कन्याही डॉक्टरच झाली होती.