कवळाण्याहून बडोद्यास

मुंबईहून बडोद्यास आज विमानाने सुमारे तासाभरात येता येते. लोहमार्गाने हे अंतर ३९२ किलोमीटर असून वेगवान गाडी ते चार-पाच तासांत कापते. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळचे कवळाणे त्याहूनही जवळ. नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. तरीही श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र वाचताना हाच प्रवास आम्हांस सर्वांत लांबचा वाटतो.

११ मार्च १८६३ रोजी कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळरावांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. इ. स. १८७५ मध्ये मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी दत्तकासाठी मुलांचा शोध आरंभिला. कवळाण्याचे तीन मुलगे बडोद्यास आले. त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. २७ मे रोजी दत्तविधान झाले, तेव्हा या बारा वर्षांच्या मुलास लिहितावाचता येत नव्हते. पुढल्या सहा वर्षांत दिवाण सर टी. माधवराव व शिक्षक इलियट यांच्या देखरेखीखाली त्याने जे शिकून घेतले, ते आमच्या वर्गातील आळशी मुलांनी मनावर घ्यावे! २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभार त्याच्या हाती आला.

ज्याला स्वतःला अक्षर उशिरा भेटले, त्याने ते इतरांस लवकर भेटावे म्हणून १८९३ साली अमरेली प्रांतातील काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ मध्ये ते सर्व राज्यास लागू केले.

१८८७ साली महाराज प्रथम युरोपास गेले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणारे लोक तेव्हा थोडे नव्हते. पुढे ते वरचेवर परदेशी जात. राजा सदा बाहेर असतो, ही तक्रार आम्हांस अगदीच निराधार वाटत नाही. परंतु ते रिकाम्या हातांनी परतत नसत. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले. मग पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे, याऐवजी ग्रंथालयच त्याच्या गावी पोहोचले.

एक अंतर मात्र महाराजांच्या सत्तेलाही मिटविता आले नाही. त्यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. सातासमुद्रांपलीकडे त्यांना राहावयास जागा मिळाली. १९१७ मध्ये ते बडोदे राज्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना घर मिळेना. एका पारशी वसतिगृहात ते आपली जात न सांगता राहिले. ती कळताच त्यांना तेथून घालविण्यात आले. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. आम्ही कोकणी बोलणारे. या शहरात नवखे असताना येथल्या घरांची दारे आमच्यासाठी सहज उघडली. त्या बागेतून जाताना हे आठवते आणि पाऊल जड होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. आमच्या वर्गातील नकाशावर मुले मुंबई-बडोदे अंतर चटकन मोजतात; कवळाणे मात्र त्यावर छापलेले नाही, म्हणून आम्ही तेथे पेन्सिलीने एक ठिपका दिला आहे.