दोन सुटकेस, साडेचार हजार चित्रं

समजा, उद्या सकाळी घर सोडायचंय. कुठे नेणार माहीत नाही, परत येऊ की नाही तेही माहीत नाही. सोबत फक्त ५० किलो सामान नेता येईल. काय भराल? गरम कपडे, खाऊ, औषधं आणि चार्जर तर नक्कीच!

डिसेंबर १९४२मध्ये ४४ वर्षांच्या एका बाईवर ही वेळ आली. ऐन थंडीत, नाझींच्या हुकमावरून तिला घर सोडायचं होतं. तिने बॅगेत भरले रंग आणि कागद. चादरीसुद्धा आधी रंगवून घेतल्या. का, तर जिथे जाऊ तिथे मुलं असतील, ती नाटक करतील आणि तेव्हा हिरवी चादर जंगल म्हणून वापरता येईल!

या बाईचं नाव फ्रिडल डिकर-ब्रँडाइस. जन्म ३० जुलै १८९८, व्हिएन्नामधल्या एका गरीब ज्यू कुटुंबातला. आई ती चार वर्षांची असतानाच गेली. वडील स्टेशनरीच्या दुकानात काम करायचे. त्यामुळे खेळणी नसली तरी कागद, पेन्सिली आणि रंग छोट्या फ्रिडलच्या हाताशी असायचे. पुढे तिने फोटोग्राफी शिकली, मग टेक्स्टाइल. मुलांना चित्रं ‘शिकवू’ नका, त्यांना काढू द्या, असं मानणाऱ्या फ्रान्झ चिझेक यांच्या वर्गातही ती बसली. नंतर गुरू मिळाले योहानेस इटेन. १९१९मध्ये ते जर्मनीतल्या वायमार इथे नव्याने सुरू झालेल्या बाउहाउसमध्ये शिकवायला गेले आणि त्यांच्या मागोमाग फ्रिडलही तिथे पोहोचली.

डिझाइनच्या विद्यार्थ्यांना बाउहाउस वेगळं सांगायला नकोच. आज आपण ज्याला मॉडर्न डिझाइन म्हणतो, त्यातलं बरंच काही या कॉलेजात घडलं. पण गंमत म्हणजे, एवढ्या पुढारलेल्या ठिकाणीही मुलींना शक्यतो विणकाम विभागात पाठवलं जायचं. फ्रिडलने विणकाम केलंच, शिवाय बुकबाइंडिंग, टायपोग्राफी, शिल्पकला असं दिसेल ते शिकून घेतलं. पॉल क्ले यांची लेक्चर्स ऐकली. संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांनी पुढे तिला शिफारसपत्र दिलं, यावरून ती काय दर्जाची विद्यार्थिनी होती ते कळतं.

पुढची काही वर्षं जोरात गेली. वर्गमित्र फ्रान्झ सिंगरबरोबर तिने आधी बर्लिनमध्ये नाटकांचे सेट आणि पोशाख केले, मग व्हिएन्नात स्टुडिओ चालवला. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात घरांची प्रचंड टंचाई होती. या दोघांनी घडी होणारं, एकात एक बसणारं फर्निचर बनवलं. व्हिएन्ना महापालिकेच्या गोएथेहोफ या वसाहतीतली माँटेसरी बालवाडीही त्यांनीच सजवली.

कामातला हा जोडीदार तिचा प्रियकरही होता, पण त्याचं लग्न झालेलं होतं. त्या नात्याने तिला बरंच दुखावलं. स्वतःचं मूल व्हावं ही इच्छाही तिच्या आयुष्यात कधी पूर्ण झाली नाही.

तिकडे राजकारण तापत होतं. फ्रिडल कम्युनिस्ट होती, फॅसिझमविरोधी पोस्टर्स करायची. १९३४मध्ये बनावट पासपोर्टच्या प्रकरणात तिला अटक झाली. सुटल्यावर ती प्रागला गेली आणि पोलिस चौकशीचा तो अनुभव तिने कॅनव्हासवर उतरवला. प्रागमध्ये ती निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागली. घरदार सुटलेली, घाबरलेली ही मुलं चित्र काढताना मोकळी होतात, हे तिच्या लक्षात आलं. तिथे तिला मदत करणारी तरुण विद्यार्थिनी एडिथ क्रॅमर पुढे अमेरिकेत गेली आणि आर्ट थेरपी उभी करणाऱ्यांपैकी एक ठरली.

१९३६मध्ये फ्रिडलने पावेल ब्रँडाइसशी लग्न केलं. १९३८नंतर युरोपातून निसटण्याचे रस्ते भराभर बंद होत गेले. फ्रिडलला पॅलेस्टाइनला जाता आलं असतं. पण पावेलला सोडून जायला ती तयार नव्हती. दोघं ह्रोनोव या छोट्या गावात राहिली आणि तिथूनच १९४२मध्ये त्यांना टेरेझिनला नेण्यात आलं.

टेरेझिन ही प्रागजवळची जुनी लष्करी वसाहत. नाझींनी तिथे घेटो केला होता. हजारो माणसं कोंबलेली. उपासमार होती, रोगराई होती आणि डोक्यावर कायम पूर्वेकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीची टांगती तलवार होती. तिथे मुलांना शाळा शिकवायला बंदी होती, पण चित्रकला चालायची. फ्रिडलने तेवढीच फट पकडली.

ती मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि वर्ग घ्यायची. कागद संपले की जुने ऑफिस फॉर्म, पुठ्ठे, गुंडाळायचे कागद, जे मिळेल ते. वर्गातला अभ्यास थेट बाउहाउसचा होता. आधी हात मोकळा करायला लयीचे व्यायाम, मग कोलाज, मग एखादी गोष्ट ऐकून चित्र. छावणीतलंच काढा अशी सक्ती नव्हती. मुलं घर काढायची, फुलं, फुलपाखरं, जेवणाचं टेबल. चित्र ‘सुधारून’ द्यायचं नाही, हा तिचा नियम होता. १९४३मध्ये तिने या चित्रांचं प्रदर्शनही भरवलं.

आणखी एक नियम होता. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव लिहायचं. नाझींच्या यादीत माणूस म्हणजे एक नंबर होता. या वर्गात मात्र प्रत्येकाला नाव होतं. तिने स्वतः तिथे काढलेल्या चित्रांवर मात्र जवळपास कुठेच सही नाही.

सप्टेंबर १९४४मध्ये पावेलला दुसरीकडे पाठवलं गेलं. फ्रिडलने स्वतःहून पुढच्या गाडीत नाव दिलं. ६ ऑक्टोबरला गाडी सुटली, त्यात तिचे काही विद्यार्थीही होते. ९ ऑक्टोबर १९४४ला ऑशविट्झ-बिर्केनाऊमध्ये तिला मारण्यात आलं. जिच्यासाठी तिने हा रस्ता धरला ती भेट झालीच नाही. पावेल मात्र युद्धातून वाचला.

वाचताना मला सगळ्यात जास्त हादरवलं ते एका माहितीने. बिर्केनाऊ छावणीचे आराखडे काढणाऱ्यांपैकी एक, फ्रिट्झ एर्टल, हा ऑस्ट्रियनच आणि बाउहाउसचाच माजी विद्यार्थी होता. एकाच संस्थेत डिझाइन शिकलेल्या एकाने माणसं मारायची जागा आखली आणि एकीने मरणाच्या दारात मुलांना रंग दिले. आपण कॉलेज निवडताना रँकिंग बघतो, प्लेसमेंट बघतो. शिकलेलं पुढे कशासाठी वापरायचं, हे मात्र कुठलंच कॉलेज आपल्या वतीने ठरवत नाही.

टेरेझिन सोडण्याआधी फ्रिडलने मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. सुमारे साडेचार हजार! युद्ध संपल्यावर, १९४५मध्ये विली ग्रोग यांनी त्या सुटकेस प्रागच्या ज्यू समाजाकडे सोपवल्या. ती चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. चित्रं मात्र आजही प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत, काही पिंकास सिनेगॉगमध्ये लावलेली आहेत.

इंटर्नशिपसाठी मी पोर्टफोलिओ बनवला, तेव्हा प्रत्येक पानावर माझं नाव नीट दिसेल ना, हे दहा वेळा तपासलं होतं. फ्रिडलने मागे ठेवलेल्या त्या सुटकेसमध्ये चित्रागणिक नाव होतं. मुलांच्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेलं, त्यांचं स्वतःचं.