हरिभाऊंचा काळ

कै. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आजचा विद्यार्थी निव्वळ करुणकथा म्हणून वाचतो, हे आम्हांस खटकते. हरिभाऊ १८६४ साली खानदेशात पारोळ्यास जन्मले, पुण्यात शिकले. पदवी मात्र मिळाली नाही. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले व त्यातून यमूची कहाणी क्रमशः येऊ लागली. पुढच्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. दहाची मर्यादा बारावर नेण्याच्या वादात पुण्यातील सुधारकांची सभा उधळली गेली. आमच्या गोदाकाठीही तेव्हा विधवेचे केशवपन धर्मकृत्यच मानले जात होते. अशा दिवसांत हरिभाऊंनी व्याख्यान झोडले नाही. यमूलाच स्वमुखाने बोलू दिले. बळजबरीने तिचे केस उतरविले जातात तो प्रसंग त्या वर्षांच्या वृत्तपत्रांशेजारी ठेवून वाचला, तरच त्यातील धाडस कळते. आणि हे लिहिणारे गृहस्थ कोण? चुलत्यांनी स्थापिलेल्या, प्राचीन संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक! १९१९ साली ते वारले, तोवर शास्त्रग्रंथ व यमू, दोहोंचा सांभाळ त्यांनीच केला होता.