गृहस्थाश्रमी एकनाथमहाराज

देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेंत असतां हिशेबांतील एका पैच्या चुकीसाठीं एकनाथांनीं रात्र जागविली आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजविली, अशी कथा आहे. हा श्रम व हा उल्हास पैठणच्या संसारांतही टिकला. १५७३ सालीं भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण झाली, १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध झाली. आणि हेच विद्वान् गृहस्थ जोशी, गोंधळी, फकीर यांचीं सोंगें भारुडांत उभीं करून लोकांस हंसवीत.

पुत्र हरिपंडितांस मात्र पित्याचें प्राकृत पुराण व परान्नग्रहण रुचेना. ते काशीस निघून गेले. परंपरा सांगते, नाथ स्वतः त्यांस आणावयास गेले आणि दोन्ही गोष्टी सोडण्याची अट त्यांनीं मान्य केली. गिरिजाबाईंचें घर पुन्हा भरलें. पण संस्कृत पुराणास श्रोते येईनात. अखेर पुत्रानेंच पित्यास पुन्हा पुराण सांगण्यास विनविलें.