थिओडोर बिल्हार्झ : लघवीतल्या रक्ताचं कारण शोधणारा डॉक्टर



मुलांना जंताची गोळी देताना आपण पोटातल्या जंतांबद्दल सांगतो. पण काही जंत रक्तवाहिन्यांतही राहतात, हे तुम्हाला माहीत आहे का? असा एक जंत शोधणाऱ्या डॉक्टरांची आज ओळख करून घेऊ.

थिओडोर बिल्हार्झ यांचा जन्म 1825 साली जर्मनीतल्या झिगमारिंगेन गावी झाला. डॉक्टर झाल्यावर 1850 मध्ये ते आपल्या गुरूंबरोबर, ग्रीझिंगर यांच्याबरोबर इजिप्तला गेले. तिथे लघवीतून रक्त जाणारे रुग्ण पुष्कळ होते. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

1851 मध्ये कैरोच्या कसर-अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना बिल्हार्झ यांना यकृताकडे जाणाऱ्या शिरेतल्या रक्तात बारीक पांढरे जंत दिसले. पुढे या जंतांची अंडी मूत्राशयाच्या भिंतीतही सापडली. कोडं सुटलं! या आजाराला पुढे त्यांच्याच नावावरून बिल्हार्झिया म्हणू लागले.

बिल्हार्झ यांचं आयुष्य मात्र फार छोटं ठरलं. 1862 मध्ये मसावाच्या प्रवासात त्यांना ताप आला आणि कैरोत त्यांचं निधन झालं. वय अवघं 37.

पुढचं काम इतरांनी केलं. रुग्णाच्या लघवीतली अंडी पाण्यात फुटतात, त्यातून निघालेली पिल्लं गोगलगायीत वाढतात आणि मग पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. मूत्राशयात अडकलेल्या अंड्यांमुळे तिथे वर्षानुवर्षं सूज राहते आणि काहींना त्यातूनच कॅन्सर होतो. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने हा जंत कॅन्सरकारक असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं लांबच्या इजिप्तचं, असं वाटतंय ना? 1952 साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात असाच आजार नोंदवला!

आता घाबरून नागावच्या मुलांचं पोहणं बंद करायचं नाही. पण पाण्यात लघवी करू नये, हे कारणासह जरूर सांगा. आणि लघवीत रक्त दिसलं तर न लाजता लगेच घरी किंवा बाईंना सांगायचं, हेही शिकवा. असं रक्त दिसण्याची कारणं अनेक असतात, ती डॉक्टरच तपासून सांगतील. पण मूल आधी आपल्याशी बोललं तरच ते डॉक्टरांपर्यंत पोहोचेल, नाही का?